गहू घराबाहेर ठेवला तेव्हा

"यापुढे हिला गहू नाही. थोडाही नाही आणि कधीच नाही," डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझ्या पर्समध्ये बिस्किटांचा डबा होता. मैद्याची, लोणी घालून मीच भाजलेली बिस्किटं. भद्रावतीहून नागपूरला येताना समूनं गाडीत काहीच खाल्लं नव्हतं, म्हणून तासाभरापूर्वी दवाखान्याच्या बाकावर बसून मी तिला त्यातली दोन बळंच भरवली होती.

समू म्हणजे समीक्षा, माझी मुलगी. तेव्हा आठ वर्षांची होती, पण सहाची वाटायची.

डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. आजाराचं नाव सीलिएक डिसीज. गव्हात आणि जवात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काहींच्या शरीराला ते शत्रू वाटतं. शरीर त्याच्याशी लढायला जातं आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्याचं अस्तर झिजवून टाकतं. मग पोटात गेलेलं अन्न अंगी लागत नाही.

"औषध कोणतं?" माझ्या नवऱ्यानं, प्रवीणनं, विचारलं.

"गोळी नाही. पथ्य हेच औषध. पण ते नीट पाळलं तर आतडं पुन्हा भरून येतं. मुलांचं तर लवकर येतं."

मी हळूच सांगितलं, "डॉक्टर, मी घरी ऑर्डरचे केक करते."

ते लिहिता लिहिता थांबले. "मैदा हवेत उडतो, भांड्यांना चिकटतो. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात जमायचं नाही."

परतताना समू माझ्या मांडीवर झोपली होती. वरोरा येईपर्यंत मी एकच हिशेब करत होते, आजवर मी हिला काय काय भरवलं. सकाळी पोळीचा लाडू, शाळेच्या डब्यात पराठा, चार वाजता केकचे काठ. ती वाळत चालली म्हणून मी आणखी भरवत होते.

हे सुरू झालं होतं त्याच्या दोन वर्षं आधी. आधी पोट फुगायचं. मग आठ-आठ दिवस जुलाब. आम्ही जंताचं औषध दिलं, पाणी उकळून दिलं, दही-भात दिला की दोन दिवस बरं वाटायचं. रक्त कमी निघालं म्हणून लोहाचं सिरप सुरू झालं. सहा महिने देऊनही रक्त तेवढंच. शाळेतून चिठ्ठी आली, मुलगी वर्गात बाकावर डोकं टेकून झोपते. शेजारच्या बाई म्हणाल्या, आजकालच्या पोरींचे नखरे असतात. मीही एकदा चिडून समूच्या पाठीत धपाटा घातला होता, ताटातली पोळी सोडली म्हणून. हे लिहिताना लाज वाटते. पण तुमच्यापैकी कुणी आज तेच करत असेल, म्हणून लिहिते.

एक खूण आमच्या डोळ्यांसमोर होती. कुरखेड्याजवळ आमचं गाव आहे, तिथे सासरे एकटे राहतात. धानाची शेती आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत समू महिनाभर त्यांच्याकडे जायची आणि परत येताना तिच्या गालांवर चमक असायची. भद्रावतीला प्रवीणच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये आली की महिन्याभरात पुन्हा तशीच. सासरे फोनवर म्हणायचे, "माह्याकडं पोरगी बरी राह्यते. तुमच्याकडं जाऊन काऊन वाळून राह्यली?" मला तो टोमणा वाटायचा. मी प्रवीणला म्हणायची, बाबांना माझ्या हातचं काही चांगलं दिसतच नाही.

त्यांच्याकडे तिन्ही वेळा तांदूळ असायचा. सकाळी आयते, म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी, दुपारी भात, रात्री भात नाहीतर तांदळाची भाकर. गहू त्या घरात पाहुणा आला तरच निघायचा.

चंद्रपूरच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "ही कुठे गेल्यावर बरी असते का?" मी सांगितलं. त्यांनी लगेच टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली. ग्लूटेनविरुद्ध शरीर लढत असेल तर त्या लढाईची खूण रक्तात दिसते. त्या बाईंनी बजावलं होतं, "सगळ्या तपासण्या होईपर्यंत गहू बंद करू नका. नाहीतर आजार लपतो." हे नीट ध्यानात ठेवा. नुसत्या शंकेनं मनानंच पोळी बंद केली, तर पुढे तपासणीत काहीच सापडत नाही.

रक्ताचा आकडा फार वर निघाला. मग नागपूरला एंडोस्कोपी. भूल देऊन तोंडातून बारीक नळी घालतात, छोट्या आतड्याचा कण काढून तपासतात. दहा मिनिटांचं काम होतं. समू जागी झाल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "आई, नळी बाहेर काढली ना?"

आमची दोघांचीही रक्ततपासणी झाली, कारण हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. दोघांचीही ठीक निघाली. खरं सांगते, मला थोडं वाईट वाटलं. वाटत होतं, माझ्यातही निघावा. निदान तिच्या पंगतीला तरी बसता आलं असतं.

मग प्रवीण म्हणाला, "पंगतीले बसाले आजार कायले पाहिजे? घरात गहूच नको ना आपल्याले. मी कॅन्टीनमध्ये पोळी खाईन."

त्या रविवारी आम्ही स्वयंपाकघर रिकामं केलं. कणीक, मैदा, रवा, शेवया, बिस्किटं, सगळं वाटून टाकलं. लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी आणि केकची जुनी भांडीही दिली, कारण फटींत बसलेलं पीठ धुऊन निघत नाही. हिंगाची डबीसुद्धा गेली. बाजारच्या बऱ्याच हिंगांत कणीक मिसळलेली असते, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. कॉलनीतल्या चार घरचे वाढदिवस ठरलेले होते, त्यांना फोन करून नाही म्हटलं. सात वर्षं जमवलेलं काम होतं ते. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मग सासऱ्यांना फोन केला. म्हटलं, "बाबा, तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. मी ऐकलं नाई."

ते म्हणाले, "मले तरी कुठी मालूम होतं? मी तं इतकंच पाह्यलं का पोरगी इथी हसते." आठ दिवसांनी ते तांदळाचं पोतं घेऊन बसनं आले, आणि आमच्या घरी कधी ओट्याजवळ न आलेल्या त्या माणसानं मला आयते घालायला शिकवलं. पीठ किती पातळ हवं, तवा किती तापवायचा, वाटीनं कसं ओतायचं. सासूबाई गेल्यापासून ते स्वतःचं स्वतः करून खात होते. मी कधी विचारलंच नव्हतं.

पहिले तीन महिने समू फुलत गेली. पोट बसलं. ती शाळेतून धावत घरी येऊ लागली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

सातव्या महिन्याच्या तपासणीत आकडा थोडासाच उतरला होता. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेर काही खाते का?" मी समूकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "एकदा समोसा खाल्ला. अर्धा. मैत्रिणीच्या वाढदिवसाले. सगळे खाऊन राह्यले होते, मी एकटीच पाहत बसली होती." डॉक्टर तिला रागावले नाहीत. म्हणाले, "अर्ध्या समोशानं एवढं होत नाही. घरचं पीठ कुठे दळता?"

चक्कीवर. दुसरं कुठे दळणार? आमच्या आधी कुणाचे तरी गहू दळले जायचे आणि त्याच दगडातून आमचे तांदूळ. चक्कीवाले भाऊ तर भले माणूस, "बाई, मी झाडून देतो ना," म्हणून ब्रशनं साफ करून द्यायचे. पण दगडाच्या खाचांत गहू राहतोच. सात महिने मी गव्हापासून सुटका केलेल्या घरात रोज चिमूटभर गहू आणत होते.

आम्ही घरघंटी घेतली. तांदूळ आणि ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळू लागलो. पुढच्या तपासणीत आकडा निम्म्याहून खाली आला. त्यानंतरच्या वेळी डॉक्टरांनी कागद समूच्याच हातात दिला आणि म्हणाले, "नॉर्मल. अभिनंदन तुझं."

केक मात्र मला छळत होता. तांदळाच्या पिठाचा पहिला केक विटेसारखा झाला. दुसरा सुरी लावताच भुगा झाला, तो आम्ही दुधात घालून चमच्यानं खाल्ला. मैद्यात जो चिकटपणा असतो तोच ग्लूटेन, आणि तोच आम्हाला नको होता. बऱ्याच खटपटीनंतर जमलं ते असं : दोन वाट्या तांदळाचं पीठ, एक वाटी ज्वारीचं, अर्धी वाटी साबुदाण्याचं, आणि चिकटपणासाठी दोन चमचे इसबगोल. दही घालून मिश्रण अर्धा तास झाकून ठेवायचं, पीठ पाणी पितं. भाजल्यावर पूर्ण गार होईपर्यंत कापायचं नाही. समूनं पहिली फोड हातात धरली, ती तुटली नाही. तिनं ती हलवून पाहिली. मग आम्ही तिघं ओट्याजवळ उभ्यानंच अर्धा केक संपवला.

बाहेरचं जग काही बदललं नाही. लग्नाला जाताना आमचा डबा सोबत असतो. शाळेत वर्गशिक्षिकेला मी आजाराचं नाव मराठीत लिहून दिलं आहे. पण बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर वाटतात, तांदळाची, मोठ्या गंजात शिजलेली. पथ्य सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला मी आधी जाऊन विचारून आले, गंजात दुसरं काही शिजवलं का, वाढायचा डाव दुसऱ्या कशात घातला का. मग समू सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहिली. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "आनखी?" तिनं वाटी पुढे केली. दोनदा.

आता ती अकरा वर्षांची आहे आणि माझ्या खांद्याला लागते. माझं काम पुन्हा सुरू झालं आहे, फक्त ग्लूटेन नसलेल्या केकचं. ऑर्डर पूर्वीच्या मानानं थोड्या असतात, पण येतात त्या लांबून येतात. कुणी दवाखान्यातून नंबर घेतलेला असतो, कुणी कुणाकडून.

मागच्या महिन्यात नागभीडहून दोघी जणी बसनं आल्या. पूजा नावाची तेवीस वर्षांची सून आणि तिची सासू. पूजाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, आजार नुकताच कळला होता. सासूबाई दारातच म्हणाल्या, "आमच्या घरी कोणालेच असं नाई. माहेराहून घेऊन आली हे." पूजा खाली बघत राहिली.

मी काही बोलायच्या आत समूनं त्यांना पाणी दिलं आणि समोर बसली. "आजी, मलेही आहे तो. लपवून समोसा खाल्ला होता ना, तं किती दिवस पोट दुखलं माहं. तुम्हाले दिसत नाई ते, आत दुखते."

सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मंग सणाले पुरणपोळी?"

"तांदळाच्या उकडीत पुरण भरतो आम्ही. फाटते कधी कधी. पण मस्त लागते."

मी केक कापला. मनात किती जणांचे आभार होते : तो एक प्रश्न विचारणाऱ्या चंद्रपूरच्या बाई, अर्ध्या समोशासाठी पोरीला न रागावणारे डॉक्टर, बसमध्ये पायाशी पोतं धरून आलेले सासरे, आणि आजही घरी पोळी न मागणारा प्रवीण. बशी मी मोठ्या म्हणून सासूबाईंपुढे धरली.

त्यांनी ती घेतली, वास घेतला आणि पूजाच्या हातात दिली.

"तू खा पह्यले," त्या म्हणाल्या. "हे तुले चालते."