खिडकीपाशचं स्टूल

मोबाइलवर व्हिडिओ बघून मी आयुष्यातलं पहिलं स्टूल केलं, ते गिरगावातल्या आमच्या चाळीत. लाकूड जुन्या पलंगाचं, सागवानी. चारही पाय तीनतीनदा मोजून कापले, तरी खिडकीपाशी ठेवलं की स्टूल डुगडुगायचं.

नवरा म्हणाला, "खाली पुठ्ठा लाव की."

मला राग आला. पुठ्ठाच लावायचा तर विकतचं काय वाईट होतं? मी एक पाय कानशीने घासला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. रविवारी संध्याकाळी स्टूल एकदाचं ठाम उभं राहिलं. त्यावर बसून मी चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी माळ्यावरचे डबे काढायला ते नेलं आणि पाच मिनिटांत परत आणलं. "अगं, हे हलतंय. पडले असते मी."

मी ते खिडकीपाशी ठेवून दाखवलं. जराही हललं नाही. दाखवायला वाकले तशी माझ्या कानावरची पेन्सिल खाली पडली आणि घरंगळत खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. तिथली जमीन खचलेली होती. मी स्टुलाचे पाय त्या खड्ड्याच्या मापाने घासले होते.

काकू हसत गेल्या. नवरा म्हणाला, "आता तरी नीट कर ते."

मी नाही म्हटलं. आमच्या कपाटाखाली पुठ्ठा आहे, टेबलाखाली आहे, फ्रिजखालीसुद्धा आहे. या घराच्या मापाची वस्तू एकच आहे, आणि तिच्यावर मी रोज सकाळी बसते.