मंगळवारचं पाणी

वरच्या अंगाच्या कारखान्याने नाल्याकाठच्या आम्हा मळेवाल्यांना फसवलं, आणि पाणी तपासणाऱ्या सरकारी खैरनारांनी त्या फसवणुकीवर दर मंगळवारी सही केली. सहा वर्षं मी हेच सांगत फिरलो.

नाल्याच्या पाण्याचा नमुना घ्यायला ते अकराच्या ठोक्याला सरकारी जीपमधून माझ्या बांधाला उतरत. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळत, भरत, चिठ्ठी चिकटवत. माझा चहा कधी घेतला नाही. हमाली करत मार्केटात वर येऊन मळा घेतलेला माणूस मी. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक आणि चहा न पिणारा सरकारी माणूस, दोघांचाही मला संशय येतो.

मंगळवारी पाणी नितळ. गुरुवारी जांभळं, फेसाळ. त्याच पाण्यावरचा माझा पालक कडेने करपायचा.

"साहेब, एक डाव गुरुवारी या की!"

"वेळापत्रकात मंगळवार आहे, अण्णा. मी मनाने वार बदलला, तर उद्या कोणीही बदलेल."

"वरचे कारखानेवाले किती देतात?"

ते शांतपणे बूच आवळत. "बाटली खोटं बोलत नाही."

"बाटली नाय, तुमचा वार खोटा हाय!"

त्या दिवशी ते बाटली घेऊन जीपमध्ये बसले. पुढच्याच गुरुवारी रजा टाकून स्वतःच्या स्कूटरवर आले आणि जांभळं पाणी भरून नेलं. प्रयोगशाळेतून बाटली सीलसकट परत आली. शेरा होता, 'वेळापत्रकाबाहेरचा नमुना.' वर खैरनारांनाच नोटीस.

"वार बदलायचा नाही, हे मीच तुम्हाला शिकवत होतो ना?" एवढंच ते म्हणाले.

निवृत्तीनंतर वर्षभरात ते गेले. नाशिक रोडला त्यांच्या घरी भेटायला गेलो. मळेवाला म्हटल्यावर त्यांच्या बायको माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्या नाल्याची ड्यूटी लागली तेव्हापासून ह्यांनी घरात पालेभाजी आणू दिली नाही."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला तर रोज दिसत होतं, आणि तोच पालक करपलेली पानं खुडून, जुड्या बांधून मी शहरात पाठवत होतो. नाशिककरांनी जाब विचारला तर खैरनारांचं आता कोण सांगणार. माझं मी सांगेन. पण आमच्या नाल्याला मंगळवार कोणी नेमून दिला? तो कारखान्याला कोणी कळवला? आणि भरलेली बाटली न उघडता परत धाडणारी सही कोणाची? शेऱ्याखाली नुसती रेघ ओढलीय. त्या रेघेमागच्या माणसाने नाव सांगून समोर यावं.