चाईचा किडा

आम्ही मुंबईतून नवघरला राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या डोक्यावर, कानाच्या जरा वर, रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. इमारतीमागच्या जुन्या घरातल्या आजींनी बघताक्षणी निकाल दिला, "चाई हाय ती. किडा केस खातो. लसूण घासा, न्हायतर सगला माथा खाईल."

आईनं लसूण घासला. कातडी सोलवटली, किडा काही मेला नाही. मग माझा कंगवा वेगळा झाला, टॉवेल वेगळा, उशी वेगळी. रविवारी धाकट्या बहिणीच्या डोक्याला आई तेल चोळायची आणि वाटी माझ्याकडे सरकवून म्हणायची, "तुझं तू लाव गं." केस गेल्याचं मला वाईट वाटत होतंच. पण आईचा हात गेला, त्याचं फार वाईट वाटायचं.

दुपारी खिडकीतून मिठागरांचा पांढरा उजेड आत यायचा. मी उशीवर कान टेकून किड्याचं खाणं ऐकायचे. कुरतडल्यासारखं काहीतरी ऐकूही यायचं. अर्धवट झोपेत तो एकेक केस ओढत खाडीकडे निघालेला दिसायचा. हळूहळू मला तो आवडायलाच लागला. निदान तो तरी माझ्या डोक्याला शिवत होता.

शेवटी बाबांनी आम्हाला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, "किडा नाही, लागणही होत नाही. रोगाशी लढणाऱ्या आपल्याच पेशी चुकून केसांच्या मुळांवर उठतात. मुळं जिवंत आहेत. केस येतील, कदाचित पुन्हा जातीलही." त्या जागेवर दर महिन्याला बारीक सुईची इंजेक्शनं घ्यायची होती. पुढे ती घेतली, केस आले, आधी म्हातारीसारखे पांढरे, मग काळे. दहावीत पुन्हा गेले.

पण त्या दिवशी आईचं समाधान होईना. "किडा नाहीच, असं कसं?" डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. भिंग तिच्या हातात दिलं. "तुम्हीच शोधा."

आई वाकली. कित्येक महिन्यांनी ती इतक्या जवळ आली होती. तिचा कोमट श्वास त्या उघड्या जागेवर येत होता. मी डोळे मिटले. किडा सापडू नये आणि शोधणंही संपू नये, असं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं तिनं भिंग ठेवलं आणि लसणानं सोलवटलेल्या जागेवर बोट टेकवलं.

"दुखतंय का गं?"

अजिबात दुखत नव्हतं. "खूप," मी म्हणाले, आणि ती फुंकर घालू लागली.