मजुरीची ओटी

आमच्या घरातल्या बायका कधी पैशासाठी काम करत नाहीत, असं माझे सासरे शेवटपर्यंत सांगत आले. सांगताना समोर भाताचं ताट असायचं आणि तो भात माझ्या शिवणकामाचा असायचा. पण तसं म्हणायची सोय नव्हती.

डोंबिवलीला दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. सासरे कोकणातून आलेले, मास्तरकी करून निवृत्त झालेले, पेन्शन नावापुरती. दीर ठाण्याला सरकारी नोकरीत, वेगळे राहायचे. माझे यजमान मुंबईत एका पेढीवर कारकून होते. छातीच्या दुखण्याने त्यांनी अंथरूण धरलं. पेढीने थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस ठेवला. मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. विकण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. होतं ते माझ्या माहेरून आलेलं हातमशीन.

चाळीतल्या बायकांची पोलकी मी आधीपासून हौसेने शिवून द्यायचे. आता पैसे घेऊन शिवते, असं मी म्हटलं मात्र, सासऱ्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. "मास्तरांची सून शिंपीण झाली, हे ऐकायला मी जिवंत राहिलो वाटतं!" स्वतःचा पोरगा आत खोकतोय, डब्यात तांदूळ नाहीत आणि यांना पडलीय मास्तरकीची. मला इतका संताप आला होता, पण त्या काळी सुनेचा संताप चुलीपुढेच निघायचा.

वाट काढली ती सासूबाईंनी. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या काकू झंपर न्यायला आल्या आणि "काय द्यायचं गं?" म्हणून त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "अहो, पैसे कसले देता! ती काय दुकान घालून बसलीय? फारच वाटलं तर ओटी भरा तिची." काकू हुशार. घरी गेल्या आणि ताटात तांदूळ, नारळ घेऊन आल्या. मला कुंकू लावलं, मी पदर पसरला, झालं. सासूबाई आत येऊन मला हळूच म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कळलं?"

मला कळलं आणि आठ दिवसांत सगळ्या आळीला कळलं. कोणी कधी बोललं नाही, पण दर ठरून गेला. साध्या पोलक्याला वाटीभर तांदूळ नि सुपारी. लग्नाचे कपडे असले की नारळ, खण आणि पदर जड होईल इतके तांदूळ. त्या दिवसांत रेशनच्या तांदळात तांदूळ कमी आणि खडे जास्त. ज्यांची गावाकडे शेती होती, त्यांच्याकडे चोरून चांगला तांदूळ यायचा, तोच माझ्या ओटीत पडायचा. धान्य-कंट्रोलचा इन्स्पेक्टर झाला तरी सवाष्णीच्या ओटीला हात लावतोय होय? जास्तीचे नारळ सासूबाई पदराखाली झाकून स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन द्यायच्या आणि बदल्यात गूळ, रॉकेल, कधी त्यांच्या लेकासाठी साबुदाणा आणायच्या. सासरे त्या वेळी बरोबर देवळात गेलेले असायचे.

पण ओटीत एक मेख होती. ती मोजून घेता येत नाही. पलीकडच्या चाळीतल्या एका वकिलीणबाईंनी परकर-पोलक्यांचा ढीग शिवून घेतला आणि ओटीत टाकलं काय, तर चिमूटभर तांदूळ आणि किडकी सुपारी. वर म्हणतात कशा, "अखंड सौभाग्यवती हो!" मनात म्हटलं, बये, आशीर्वाद शिजत नाही गं. पण तोंडाने काय बोलणार? मजुरी कमी पडली म्हणून भांडता येतं, ओटी कमी पडली म्हणून कोण भांडलंय?

एखाद्या दिवशी तिघी-चौघी एकापाठोपाठ यायच्या आणि प्रत्येक जणी हळदकुंकू लावून जायची. संध्याकाळपर्यंत कपाळ नुसतं लाल-पिवळं. विहिरीवरच्या बायका फिदीफिदी हसायच्या, "काय गं, आज देवी अंगात आली का तुझ्या?" मीही हसायचे. यजमान मात्र हसायचे नाहीत. मी आत गेले की पडल्या पडल्या बारीक आवाजात विचारायचे, "आज काय कमावलंस?" सगळ्या घरात त्या एका माणसाने त्याला कमाई म्हटलं.

बाहेर सासऱ्यांचं वेगळंच. कोणी भेटायला आलं की सांगायचे, "आमच्या सुनेला लोक फार मानतात हो. ओटीवाचून दिवस जात नाही तिचा." आणि जेवताना भाताचा वास घेऊन म्हणायचे, "छान आहे. कुठला आहे?" कुठला म्हणजे? माझ्या डोळ्यांचा नि बोटांचा!

दिवाळीनंतर यजमान गेले.

सव्वा महिना मी मशीनला हात लावला नाही. मग लावला, कारण डबा पुन्हा रिकामा झाला होता. शेजारच्या काकूंची तीन पोलकी अर्धी राहिली होती, ती आधी पुरी केली. काकूंना निरोप गेला आणि त्या आल्या. हातात नेहमीसारखं ताट. त्यात तांदूळ, नारळ, कुंकवाची कोयरी. बिचाऱ्या सवयीने उंबरा ओलांडून आत आल्या, कोयरीत बोट घातलं आणि माझ्या कपाळाकडे पाहिलं.

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. त्यांचं बोट कुंकवाने भरलेलं. ते कुठे पुसायचं हे त्यांना कळेना, आणि मी पदर पुढे करू की नको हे मला कळेना. तांदूळ माझ्या कामाचे होते, हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, भिंतींनाही ठाऊक होतं. पण ते द्यायची जी एक रीत होती, ती माझ्या नवऱ्याबरोबर जळून गेली होती. शेवटी काकू म्हणाल्या, "राहू दे गं. आता बरं दिसत नाही ते." आणि पोलकी उचलून, ताट तसंच घेऊन निघून गेल्या. पोलकी नेली आणि तांदूळही नेले!

पुढची बाई आली तेव्हा सासूबाई आधीच पुढे येऊन बसल्या होत्या. "माझी भरा," म्हणाल्या. त्यांचे यजमान ठणठणीत होते ना, त्यांची ओटी भरायला कोणाची हरकत? तेव्हापासून तसंच चालू झालं. मी शिवायचं आणि त्यांनी पदर पसरायचा. सुरुवातीला त्या सगळे तांदूळ माझ्यासमोर डब्यात ओतायच्या. मग हळूहळू डबा त्यांच्या फडताळात गेला, आणि भात वाढताना डाव माझ्या ताटाशी आला की थोडा रिकामा व्हायला लागला. लग्नाचे कपडे तर बंदच झाले. नवरीच्या पोलक्याला माझा हात नको, असं कोणी स्पष्ट बोललं नाही. नुसत्या दुसरीकडे गेल्या.

मग एका रविवारी दीर आले. सासऱ्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "मुलीला हा ठाण्याला घेऊन जाईल. तिथे तिचं शिक्षणही होईल. इथे आम्ही दोघं म्हातारी माणसं, तुम्हा दोघींना पोसायचं म्हणजे कठीण आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर आवाज चढवला. म्हटलं, "पोसतं कोण? इतके दिवस तुम्ही जो भात खाल्लात तो कुठून आला?"

सासरे शांतपणे म्हणाले, "तो तुझ्या सासूच्या ओटीतला आहे."

मी सासूबाईंकडे पाहिलं. वाट त्यांनी काढली होती, नारळ त्यांनी वाहिले होते, त्यांच्याएवढं पक्कं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. त्या खाली मान घालून तांदळातले खडे वेचत राहिल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर माझी पोर राहिली असती. हे मी त्यांना कधीही माफ केलेलं नाही.

मुलगी गेली. रडली नाही, नुसती काकांचं बोट धरून जिना उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन उचललं आणि बाहेर गॅलरीत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मांडलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला मोठ्याने सांगायचे, "पोलकं शिवायचे पैसे पडतील. रोख." कोणी कानावर हात ठेवले, कोणी "लाज सोडली हो" म्हणाल्या. सासऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बरंच झालं. पहिलं काम दिलं ते खाडीकडून मीठ विकायला येणाऱ्या बाईने, नातवाची झबली. तिच्याकडे पैसे नव्हते. पाटीतून तांदळाची पुरचुंडी काढून तिने माझ्या मशीनवर ठेवली नि म्हणाली, "ही तुजी मजुरी हाय गो बाय." मला भर गॅलरीत रडू फुटलं.

वर्ष गेलं, दुसरंही गेलं. रुळांच्या पलीकडे एक खोली भाड्याने घेतली आणि मगच ठाण्याला गेले. जावेने मुलीची पिशवी भरून तयार ठेवली होती. चला, एक ताट कमी झालं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

त्या दिवशी मी मुद्दाम चांगला तांदूळ आणला होता. वरण-भात, वर तूप. पोरगी मान खाली घालून जेवत होती. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं, पातेल्याकडे एकदा पाहिलं आणि परक्या घरी विचारावं तसं तिने विचारलं, "मी अजून थोडा घेतला तर चालेल का?"

मी म्हटलं, "अगं, सगळा घे! आपला आहे तो, तुझ्या आईच्या कमाईचा."

तिने एक घास वाढून घेतला आणि पातेल्यावर नीट झाकण ठेवलं.