तळहातावरचा वजीर

शिसवी मोहरे पटावर टेकताना एक आवाज होतो. कोरडा, नेमका, क्षणात संपणारा. आमच्या दिग्रसच्या वाचनालयात हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी तो ऐकू येतो, तेव्हा मागच्या जिनिंग कारखान्याची घरघर अखंड चालू असते आणि खिडकीतून आत आलेले कापसाचे तंतू पटावर, पुस्तकांवर, माणसांच्या भुवयांवर निवांत उतरत असतात. त्या घरघरीच्या संथ पाण्यात हा आवाज खड्यासारखा पडतो आणि मी हातातले काम थांबवते. काम थांबवणे हा माझा स्वभाव नव्हे!

मी मुलींच्या शाळेत शिकवते आणि वाचनालयाची कार्यवाह आहे. याद्या करणे ही माझी सवय. किराण्याची यादी असते, बांधणी सुटलेल्या पुस्तकांची असते. पाहुणे येणार म्हटले की उशा-पांघरुणांचीही असते. घरचे हसतात. हसू देत. जग कितीही विस्कटलेले असो, कागदावर उतरवले की ते एकाखाली एक मुकाट्याने उभे राहते, हा दिलासा काय थोडा आहे? म्हणूनच बनसोडे सरांनी गणकयंत्राची हकीकत सांगितली, तेव्हा ती सर्वांत आधी मला पटली असावी.

बनसोडे सर गणिताचे तरुण शिक्षक. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते शाळकरी होते. कुठलीही गोष्ट मानण्याआधी ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, असे विचारायची सवय आपल्याला त्या वर्षापासून लागली, असे ते सांगतात. सुट्टीतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गासाठी मुंबईला गेले असताना त्यांनी खोलीभर पसरलेले गणकयंत्र पाहिले आणि परदेशी अशी यंत्रे बुद्धिबळ खेळतात, असे ऐकले. “बाई, ते यंत्र विचार करत नाही. लिहून दिलेल्या सूचना क्रमाने पाळते, एवढंच,” ते म्हणाले. यंत्र दिग्रसला येण्याची आशा नव्हती. मग माणसांनीच यंत्र व्हावे, अशी युक्ती सरांनी काढली. आपल्या राजाला शह आहे का, हे एकाने पाहायचे. आपले कोणते मोहरे धोक्यात आहे, हे दुसऱ्याने. काय घेता येईल, हे तिसऱ्याने. प्रत्येकाने आपल्यापुरती सूचना पाळायची, डोके चालवायचे नाही. या सूचनांची स्वच्छ प्रत मी काढली. काय देखणी झाली होती ती! माझ्या आजवरच्या कोणत्याही यादीपेक्षा देखणी.

आणि यंत्रासमोर बसणार कोण? रज्जाकभाईंखेरीज दुसरे कोण!

रज्जाकभाईंचे बसस्थानकाजवळ मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे. जिल्ह्याचे ते विजेते, आणि वाचनालयाच्या स्पर्धेत तर त्यांना कुणी हरवलेलेच नव्हते. वाचनालयाचा शिसवी पट जिंकणाऱ्याच्या घरी वर्षभर ठेवण्याचा आमचा रिवाज आहे. तो त्यांच्या घरी इतकी वर्षे राहिला की घरातल्या मुलांना तो आपलाच वाटे. जवसाचे तेल लावून ते एकेक मोहरे पुसत, घोड्याच्या कानात साचलेली धूळ काडीने काढत. हा डाव यंत्राने जिंकला तर पट वाचनालयात परत करायचा, अशी अट त्यांनी स्वतःच घातली.

त्यांच्या खेळाचे मर्म साऱ्या गावाला ठाऊक होते. इंजिनाची धडधड ऐकून बिघाड सांगणारा हा माणूस समोरच्याचा चेहरा वाचून चाल ओळखे. त्यातही सर्वांत पाठ असलेला चेहरा म्हणजे गणपतरावांचा. गणपतराव कापसाचे अडते, रज्जाकभाईंचे बाळपणापासूनचे मित्र आणि तेव्हापासूनचे हरणारे. काय घेता येईल ते सांगण्याचे काम सरांनी नेमके त्यांनाच दिले.

“बरं झालं गणपतराव,” रज्जाकभाई म्हणाले, “जन्मभर माह्या वजिरामागं फिरले, आता तुमाले लेखी हुकूम भेटला!”

“वजीर सांभाळा, भाई. आज मी मानूस नाही, मशीन आहो.”

खोली हसली, आणि डाव सुरू झाला. यंत्राची एकेक चाल निघेपर्यंत चहाचा कप रिकामा होई. एकाने पाहायचे, दुसऱ्याला सांगायचे, तिसऱ्याने ताडून पाहायचे, मग सरांनी मोहरे हलवायचे. रज्जाकभाई प्रत्येक चालीआधी आपल्या मोहऱ्यावरचा कापूस फुंकरीने उडवत. मधल्या वेळात त्यांची नजर जुन्या सवयीने गणपतरावांच्या चेहऱ्यावर जाई. गणपतराव कान ओढू लागले की हत्तीकडून हल्ला येणार, हे त्यांचे वर्षानुवर्षांचे गणित होते. त्या दुपारी गणपतरावांनी कान ओढला. रज्जाकभाईंनी लगोलग वजीर त्या बाजूच्या बचावाला नेला. पण कानात नुसता कापसाचा तंतू शिरला होता! यंत्राला चेहरा नसतो, ही साधी गोष्ट त्या मोठ्या खेळाडूच्या ध्यानातून क्षणभर निसटली, आणि त्यांचा वजीर यंत्राच्या उंटासमोर उघडा पडला.

खोलीत सर्वांना ते दिसले. जन्मभर ज्याचा ध्यास घेतला ती गोष्ट हाताशी आल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटते? मी गणपतरावांकडे पाहत होते. हर्ष उमटला नाही. त्यांनी पट पाहिला, मित्राकडे पाहिले, मग माझ्या अक्षरातला कागद पाहिला आणि खाली मान घालून म्हणाले, “घ्यासारखं काई नाही.”

बनसोडे सरांनी उंटाकडे नेलेला हात मागे घेतला.

“काहून हो गणपतराव,” रज्जाकभाई शांतपणे म्हणाले, “मशीन बिघडली काय?”

“मले दिसलं नाही, भाई.”

“या जन्मात माह्या वजिराशिवाय तुमाले दुसरं काई दिसलं काय? आन् आजच दिसून नाही राह्यलं?” मग त्यांचा आवाज चढला. “मी मशीनसंगं खेळाले आलो. मशीन दया करत नसते. गाडी उताराले लागली त ड्रायव्हरनं चाकाले दोष देऊ नये. मले भीक नाही पायजे!”

असे म्हणून त्यांनी स्वतःच आपला वजीर उचलला, फुंकर मारून त्यावरचा कापूस उडवला आणि तो गणपतरावांच्या तळहातावर ठेवला. वर त्यांची बोटेही मिटवली.

त्यानंतर ते खेळले, ते मी विसरणार नाही. वजिरावाचून त्यांनी एक हत्ती मारला, दोनदा शह दिला, यंत्राच्या राजाला कोपऱ्यात पळवले. पण यंत्र दमत नाही आणि घाबरत नाही. सूचनेप्रमाणे ते मोहऱ्यास मोहरे मारत गेले आणि अखेर ओसाड पटावर रज्जाकभाईंचा एकटा राजा उरला. मात झाल्यावर त्यांनी राजा आडवा केला, बनसोडे सरांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “चांगली बनवली. चालते.” दुसऱ्या दिवशी पट वाचनालयात आला. ताजे तेल लावून.

मला त्या दुपारचा अभिमान वाटतो. आणि तो नेमका कशाचा, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. सूचना पाळायला बसलेला आणि तरी ऐनवेळी न पाळणारा माणूस, की ती पाळायला लावणारा, स्वतःच्या पराभवाला स्वतःच वाट करून देणारा आवाज? एकावर खूण करून दुसरे खोडावे, अशी ही गोष्ट नाही. इतक्या याद्या केल्या मी, पण या दोघांना एकाखाली एक कसे लिहावे ते मला अजून उमगलेले नाही. त्यांना शेजारी शेजारीच ठेवावे लागते.

विजेत्यांच्या फलकावर रज्जाकभाईंच्या नावाच्या रांगेखाली, त्यांच्याच आग्रहावरून, पेंटरने ‘यंत्र’ असे रंगवले. यवतमाळहून, पुसदहून बसने येणारे पाहुणे तो शब्द वाचून थबकतात आणि कुठे आहे यंत्र, म्हणून विचारतात. आम्ही पट मांडून बसलेल्या गणपतरावांकडे बोट दाखवतो. ते तेवढ्यापुरते ताठ बसतात.

समोर अर्थात रज्जाकभाई असतात. आता ते कुणाच्या कानाकडे पाहत नाहीत, पटाकडे पाहतात, आणि म्हणून पूर्वीपेक्षा चांगले खेळतात. गणपतराव अजून हरतातच. पण क्वचित एखाद्या रविवारी वजीर हाती लागतो. अशा वेळी गणपतराव तो घेतात, बिनदिक्कत घेतात. फक्त उचलल्यावर त्याच्यावर एक हलकी फुंकर मारतात आणि तो रज्जाकभाईंच्या बाजूला, सरळ उभा ठेवतात. जिनिंगची घरघर चालू असते. त्यात तो कोरडा, नेमका आवाज होतो, आणि मी काम थांबवते.