भिंतीवरचा सुपडू

सुरतेतल्या उधन्याच्या एका डाईंग मिलमध्ये योगिता सुरक्षेच्या सूचना लिहायची. तिचे वडील शिरपूरकडून सुरतेला आले ते लूम चालवायला. मुलगी मात्र ऑफिसात बसली, याचं घरात फार अप्रूप होतं. काम तसं सोपं. मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक घ्यायचं, त्यातलं हिंदीत उतरवायचं, भिंतीवर लावायचं, कामगारांच्या सह्या घ्यायच्या. सह्या सगळे करायचे, वाचायचं कुणी नाही. तिला ते दिसत होतं, पण तिनं कधी मनावर घेतलं नाही.

मग जेट मशीनवरचा सुपडू भाजला. त्या मशीनमध्ये कापड उकळत्या रंगात फिरतं, आणि आत वाफेचा दाब कोंडलेला असतो. दाबाचा काटा शून्यावर यायच्या आत त्यानं झाकण उघडलं. वाफेनं उजवा हात आणि मान सोलून काढली.

चौकशीत मॅनेजर भूपेंद्रभाईंनी योगिताचाच कागद पुढे केला. ‘दाब के पूर्ण निष्कासन की पुष्टि किए बिना ढक्कन न खोलें.’ खाली सुपडूची सही. तेवढ्यावर चूक सुपडूची ठरली. बाहेर पडताना भूपेंद्रभाई तिला म्हणाले, “बेन, तमारा कागळे बचावी लीधा.” कागदानं वाचवलं म्हणे! त्या दिवशी तिचा डबा तसाच घरी परत गेला.

ती दवाखान्यात गेली. सुपडूची बायको सुंदरा बाकड्यावर बसली होती. तिनं भीतभीत विचारलं, “ताई, कागदवर काय लिखेल व्हतं?” योगितानं वाचून दाखवलं. सुंदराला एक अक्षर कळलं नाही. तरी ती मान हलवून म्हणाली, “चांगलं लिखेल शे.” तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं योगिताला वाटलं.

घरी येऊन तिनं नवा कागद लिहायला घेतला. नियम काढून टाकले, घडलेलं लिहिलं. सुपडू मशीनपाशी कसा उभा होता, काटा कुठं होता, झाकण उघडल्यावर काय झालं, आता त्याला घास कसा भरवावा लागतो. सुपडू घरी आल्यावर ती परवानगी मागायला गेली. ती वाचत गेली, तो ऐकत गेला. ‘सुपडूनं घाई केली’ या वाक्यापाशी त्यानं तिला थांबवलं.

“नाव टाका, ताई. पण घाई मन्ही नव्हती. भूपेंद्रभाई डोक्यावर उभा व्हता. माल काढ, माल काढ, एकच धोशा.”

“तेही लिहिते,” ती म्हणाली, आणि लिहिलंही.

भूपेंद्रभाईंनी कागद वाचला, नेमकी तीच ओळ खोडली. “वार्ता सारी छे. गोष्ट चांगली आहे, पण ही ओळ नाही चालणार.” ओळीवर अडून बसलं तर कागदच लागणार नाही, असं तिनं मनाला समजावलं. सुपडूला तिनं हे सांगितलं नाही.

कागदानं काम केलं. माणसं उभं राहून वाचू लागली, न वाचणाऱ्यांना सांगू लागली. नवखाही आधी काटा बघायचा. पुन्हा कुणी भाजलं नाही. वरच्या साहेबांनी योगिताचं नाव घेतलं, दुसऱ्या खात्यांनीही तसेच कागद मागितले. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

हात आखडलेला, म्हणून सुपडूला पुढच्या गेटवर बसवलं. एका दुपारी योगिता गेटपाशी आली, तेव्हा दोन नवे कामगार आत शिरत होते. एक जण घाईनं पुढं पळाला, तसा दुसरा ओरडला, “ए, सुपडू मत कर!” दोघं हसले. सुपडूनं डाव्या हातानं त्यांना गेट उघडून दिलं.

“सुपडू म्हणजे घाई,” तो तिला म्हणाला. “खात्यात सगळे असंच म्हणतात.”

तिनं तेव्हा सगळं सांगून टाकलं. कोणती ओळ कुणी खोडली, आणि आपण कशा गप्प बसलो.

सुपडूनं गेट लावून घेतलं. “मन्हा पोऱ्या पुढच्या साली आठेच, याच मिलमध्ये कामाले लागी,” तो म्हणाला. “मन्हं नाव काढा.”

तिनं नाव काढलं. कागदावर आता नुसता ‘एक कामगार’ आहे. बोलण्यातून मात्र नाव गेलं नाही. ते तिनंच इतकं पक्कं बसवलं होतं.

नवी माणसं कामावर आली, की ती त्यांना मशीनपाशी नेते आणि खोडलेली ओळ तोंडी सांगते. भूपेंद्रभाईंच्या कानावर गेलंय. ते तिच्याशी कामापुरतंच बोलतात. ऐकणारे मान हलवतात, आणि आठवड्याभरात खात्यात पुन्हा हाक येते, सुपडू मत कर.

सुपडू पुढच्या गेटवर असतो; ती त्या दुपारपासून मागच्या गेटनंच जाते.