सखादादांचा कान

वाळवीच्या औषधाचा वास दोन आंघोळींत जातो, पण किस्सा एकदा अंगाला चिकटला की जन्मभर निघत नाही. धंदाच तसा. लोकांच्या घरात शिरायचं, कपाटं सरकवायची, देवघरामागे डोकावायचं, पलंगाखाली पालथं पडायचं. डॉक्टरपासून माणूस थोडंफार लपवतो. आमच्यापासून काय लपवणार? आम्ही पलंगाखालीच. म्हणून चहाला चारजण जमले आणि मी तोंड उघडलं की बायको म्हणते, "झालं सुरू." तिला सगळे पाठ आहेत. तरी कांदा चिरताना कान इकडेच असतो.

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोळ नको.

उल्हासनगरात कॅम्प तीनला परसूमल शेठचं हार्डवेअरचं दुकान होतं. ऐंशीनंतर त्याने वाळवी मारायची कामंही घ्यायला सुरुवात केली. त्याची फौज म्हणजे तीन माणसं. वांगणीचा विलास ड्रिल चालवायचा. मी रमेश ऊर्फ रम्या, सातवी नापास, औषध भरायचो आणि उरलेला वेळ टवाळी करायचो. आणि आमचे उस्ताद सखादादा, अंबरनाथचे. दादा आधी एका कारखान्यात लोखंड ठोकायच्या मोठ्या हॅमरवर होते. तो कारखाना बसला, दादा शेठकडे आले.

दादांचं हत्यार एकच, जुना स्क्रूड्रायव्हर. त्याच्या मुठीने लाकडावर ठोकायचं, कान लावायचा आणि सांगायचं, भरीव की पोकळ. वाळवी लाकूड आतून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे डोळ्यांचा काही उपयोग नाही. शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, "साईं, मशीन वगैरे आपल्याकडे नाही. आपल्याकडे सखाचा कान आहे."

आणि ते खरं होतं. आपली हवा खाडीची, दमट. नळ गळतात, भिंतींना ओल येते आणि वाळवीला तेवढंच पाहिजे असतं. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत ज्या जुन्या घरांची छपरं आज जागेवर आहेत, त्यातल्या कितीतरी घरांत आमची गँग पालथी पडून आलेली आहे. हे मी कॉलर ताठ करून सांगतो. बनियनवर असलो तरी.

* * *

बराकीतल्या लाजवंती आंटींकडे पहिलं मोठं काम निघालं. आंटींनी दाराच्या चौकटीला दिवाळीत ऑइलपेंट दिला होता. हिरवागार, आरशासारखा. दादांनी दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "आंटी, ही चौकट नुसत्या रंगावर उभी आहे."

"काय बोलतो? महिना पण नाही झाला रंग देऊन."

असं म्हणून त्यांनी चौकटीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. मुळापर्यंत. आतून कोरडी माती भुरभुर खाली आली.

आम्हाला वाटलं बाई आता रडतात. त्यांनी अंगठा बाहेर काढला, नीट बघितला आणि म्हणाल्या, "म्हणजे पेंट चांगला होता."

* * *

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. उल्हासनगरातल्या बराकी म्हणजे मिलिटरीच्या जमान्यातल्या लांबच लांब इमारती. मधे भिंती घालून एकेका कुटुंबाने एकेक खोली केलेली. भिंती वेगळ्या, पण वरचं छप्पर एकच आणि त्याला पेलणाऱ्या लाकडी कैच्याही सगळ्यांच्या मिळून.

आंटींच्या खोलीत औषध मारलं. थोड्या दिवसांनी शेजारच्या कांबळेवहिनी दारात उभ्या.

"तुमच्या माणसांनी तुमची वाळवी आमच्याकडे हाकलली."

आंटी म्हणाल्या, "आमची कशाला? तुमचीच होती. आमच्याकडे पाहुणी आली होती, आता घरी गेली."

झालं. आख्खी रांग बाहेर आली. दादा सगळ्यांना समजावत होते की एका खोलीत औषध मारून भागत नाही, ती भिंतीतून सरकते, पूर्ण रांग एका वेळी करायला पाहिजे. पण रांगेत निम्म्या घरांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. कोण कोणासोबत करणार?

मी हळूच प्रत्येक दारात गेलो आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाजूच्यांनी स्पेशल औषध सांगितलंय. तुम्हाला आपलं साधं चालेल ना?"

संध्याकाळपर्यंत पूर्ण रांग तयार. सगळ्यांना स्पेशल. औषध सगळ्यांना एकच, उत्तमातलं. त्या कैच्या वाचल्या.

दादा मला म्हणाले, "रम्या, तू खोटं बोलून खरं काम करतोस." शेठने मला चरिया ही पदवी त्या दिवशी दिली. चरिया म्हणजे सिंधीत येडा. मी ती अजून नावामागे लावतो.

* * *

मधे जुनं औषध बंद झालं आणि नवीन आलं. जुन्याचा वास असा होता की माणूस गल्लीच्या तोंडाशीच ओळखायचा, आज कुणाकडे काम आहे ते. नव्याचा तेवढा डोक्यात जात नव्हता. अंबरनाथच्या एका जोशीकाकांचा त्यावर विश्वासच बसेना.

"वास नाही, काही नाही. पाणी मारताय तुम्ही."

विलासने भिंतीलगत जमिनीला ओळीने भोकं पाडली, मी औषध सोडलं, सिमेंटने बुजवलं. काका नाक वर करून मागे मागे. शेवटी मी त्यांच्याच मोरीतली फिनेलची बाटली उचलली आणि चारी कोपऱ्यांत शिंपडली. काकांनी छाती भरून श्वास घेतला.

"हां. आता मेली."

* * *

दादांची खोडी काढायची माझी जुनी सवय. त्यांनी तुळईला कान लावून डोळे मिटले की मी मागून मांजराचा आवाज काढायचो. दादा दचकायचे, स्क्रूड्रायव्हर उगारायचे, "मेल्या, एक दिवस तुझ्या टाळक्यावर ठोकून बघतो. पोकळच निघणार." विलास ड्रिल टाकून हसायचा.

एकदा असंच दादांनी खांबाला कान लावला आणि मी म्याव केलं. दादा तसेच उभे. मला वाटलं भाव खातायत. मी दोन पावलं पुढे गेलो आणि चांगलं खणखणीत म्याव केलं. घरातलं खरं मांजर उठून बाहेर गेलं. दादांनी डोळे उघडले, मान हलवली आणि म्हणाले, "भरीव आहे. चला."

विलासने माझ्याकडे बघितलं. मी विलासकडे. त्या दिवशी परत येताना कुणी हसलं नाही.

हॅमरने एवढी वर्षं कान ठोकले होते, त्याने हिशोब चुकता केला म्हणायचा. पण हे शेठला कळलं तर? दादांच्या घरी खाणारी तोंडं पाच. आणि त्याहून मोठं म्हणजे दादांचा रुबाब. वस्तीतून चालले की लोक उठून सांगायचे, "दादा, जरा आमचा दरवाजा ऐकून जा." तो कान गेला तर दादा घरात कसे बसले असते?

पुढच्या कामाला मी दादांच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी ठोकलं. मला पोकळ वाटलं, मी आपसूक डोकं खाजवलं. दादांनी माझ्याकडे बघितलं. "पोकळ," म्हणाले. पुढचा खांब भरीव वाटला, मी कमरेवर हात ठेवले. "भरीव."

आम्ही दोघं यावर कधी एक शब्द बोललो नाही. पण तेव्हापासून मी समोर उभा राहायचो आणि दादा ठोकलं की माझ्याकडे बघायचे. आता ऐकायचं मला, म्हणून मी जीव ओतून ऐकायला लागलो. सातवीत एवढं ऐकलं असतं तर आज मामलेदार असतो.

* * *

एकदा अंबरनाथला एका ऑफिसरच्या जुन्या बंगल्यात काम होतं. ऐन उन्हाळा, पोरांच्या डोक्यातल्या उवा माझ्या डोक्यात आलेल्या. हात डोक्यावरून हलेना. दादा ठोकतायत आणि एकेक जाहीर करतायत. हा खांब पोकळ. हाही पोकळ. खिडकी पोकळ. जिना पोकळ.

ऑफिसरच्या मॅडम घाबरल्या. "सगळंच?"

"सगळंच," दादा म्हणाले, "पण थोडं थोडं."

विलासने मागून येऊन माझा हात धरला तेव्हा मला कळलं. ड्रिल लावलं तर फक्त जिन्याच्या पहिल्या पायरीत वाळवी. बाकी सगळं सागवान ठणठणीत. मॅडम दादांकडे बघायला लागल्या.

दादा जराही गडबडले नाहीत. "यायच्या वाटेवर होती मॅडम. आपण आधी पोहोचलो."

मॅडमनी आम्हाला सरबत दिलं. मला दुसऱ्या दिवशी विलासने उवा मारायचं औषध दिलं.

* * *

शेठ काही दूधखुळा नव्हता. एकदा दुकानात दादा पाठमोरे बसून पिचकारीचा वायसर बदलत होते. शेठ गल्ल्यावरून साध्या आवाजात म्हणाला, "सखा, चाय पिणार?"

दादा वायसर दाबत राहिले.

"सखा, चाय."

विलास पटकन म्हणाला, "शेठ, दादांचा आज उपास आहे. उपोसथ, बौद्धांचा. पौर्णिमेला आमच्या सखादादांच्या घरी सगळे करतात."

शेठने वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मीही बघितलं. अमावस्या होती.

"बढिया," शेठ म्हणाला. "आजकल चांद भी तुम लोगों से पूछ के निकलता है."

दादा चहाला मुकले ते मुकलेच, पण निघताना शेठने मला आणि विलासला थांबवलं. "बदलापूरला गिरणीवाल्या अण्णांचं काम आलंय. मी स्वतः येणार. सखा तिथे चुकला तर त्याला घरी बसवतो आणि मुंबईहून दुसरा माणूस आणतो. लोकांच्या डोक्यावर छप्पर असतं साईं, मजाक नाही."

शेठला उलट उत्तर न देण्याची ती माझी पहिलीच वेळ. त्याचं बरोबर होतं.

* * *

बदलापूर गावात नदीच्या अंगाला अण्णांचं घर. खाली ओटी, वर लाकडी माडी, आणि माडीचा सगळा भार एका जाड तुळईवर. मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. बायका माडीवर रुखवत मांडत होत्या, हळदीच्या दिवशी आख्खा गाव वर बसणार होता. भिंतीला कुठे मातीची बारीक रेघ दिसली म्हणून अण्णांना शंका आली होती. त्यांचा प्रश्न एकच, "माणसं चढवू का नको, तेवढं सांगा."

तुळई बघून माझा जीव भांड्यात पडला. काळी कुळकुळीत, तेलपाणी केलेली, एक चीर नाही.

दादांनी स्क्रूड्रायव्हर काढला, मी समोर उभा राहिलो आणि घराला लागून असलेली अण्णांची भाताची गिरणी सुरू झाली.

असा आवाज की पायाखालची फरशी थरथरायला लागली. शेठ ओरडला, "गिरणी बंद करा." अण्णांना ते ऐकू गेलं नाही. त्या घरात तेव्हा कुणालाच काही ऐकू जात नव्हतं.

दादांनी ठोकायला सुरुवातही केली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डावा तळहात लाकडावर टेकवून. मूठ लाकडावर पडताना दिसत होती, मला आवाज शून्य. मी कान टवकारले, तोंड उघडलं, श्वास धरला. काही नाही. दादांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. शेठही बघत होता, पण तुळईकडे नाही, दादांकडे नाही, माझ्याकडे. म्हणजे त्याला सगळं कधीपासून माहीत होतं.

लाकूड तर एवढं सुंदर. मी कमरेवर हात ठेवले.

दादांनी माझे हात बघितले. मग खिशातून खडू काढला, तुळईच्या मधोमध एक रेघ मारली, दोन हात सोडून दुसरी मारली आणि विलासला बोट दाखवलं. इथे.

विलासने ड्रिल लावलं. पहिलं बोटभर लाकूड लागलं, मग ड्रिलचं पातं नुसतं आत गेलं, मुळापर्यंत. मागोमाग माती आली. ओंजळभर, मग पसाभर, थांबेचना. त्या रेघांच्या मधे तुळई नव्हतीच, तुळईचं साल होतं.

अण्णा धावत गिरणी बंद करायला गेले आणि येताना जिन्यातूनच वर ओरडले, "सगळ्या खाली या, एकेक करून, पळू नका." बायका रुखवताचे लाडू छातीशी धरून एकेक पायरी उतरल्या. नवरी शेवटी आली. विलासने आणि मी टेकू लावले. अण्णांनी हळद अंगणातल्या मांडवात घ्यायची ठरवली, खाली बसले आणि पाणी मागितलं.

घर एकदम शांत झालं होतं. दादा आमच्याकडे पाठ करून खडू खिशात ठेवत होते.

शेठ त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हळू आवाजात, अगदी मलाच कसंबसं ऐकू आलं एवढ्या हळू, म्हणाला, "सखा, मग इतकी वर्षं या चरियाकडे काय बघत होतास?"

दादा वळलेसुद्धा नाहीत.

"बघावं लागतं शेठ. नाहीतर तो कामात लक्ष देत नाही."